थंडींतील फटफटी आणि विजेची ऊब

मार्गशीर्ष सरून पौष लागला, कीं जुन्नर-आंबेगांवच्या मुलुखांत थंडी खऱ्या अर्थानें उतरते. हा प्रदेश सह्याद्रीच्या कुशींतला. दिवसां ऊन चांगलें तापतें, परंतु सूर्य डोंगराआड गेला कीं तासाभरांत हवेंत शिरशिरी येते, आणि पहांटे तर पाण्याच्या घागरीला हात लाववत नाहीं. येथील थंडी हिमालयांतल्यासारखी नव्हे हें खरें. पण ती अगदींच पोरखेळ आहे असेंहि नाहीं. १७ जानेवारी १९३५ रोजीं पुण्यांतील तपमान १.७ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरल्याची नोंद आहे. तशी रात्र क्वचित् येते; परंतु आठ-दहा अंशांची पहांट या भागांतल्या माणसाला दर हिवाळ्यांत कैक वेळां भेटते.

कळंब हें गांव पुणें-नाशिक हमरस्त्यावर, मंचर आणि नारायणगांव यांच्या दरम्यान, घोडनदीच्या कांठीं वसलें आहे. तांबडें फुटण्यापूर्वींच येथील रस्ता जागा होतो. कोणाच्या मागें दुधाचे कॅन लटकत असतात, कोणी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून बाजाराकडे निघालेला असतो, कोणाला चाकणच्या कारखान्यांतली पहिली पाळी गांठावयाची असते. चाकण येथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. म्हणजे जातां-येतां रोजची मजल सत्तर-ऐंशीची. या बहुतेकांचें वाहन एकच, फटफटी. मोटारींत बसणारा कांचा वर करून घेतो, एस्. टी. चा उतारू शाल डोक्यावरून ओढून डुलकी काढतो. फटफटीवाल्याला मात्र थंडीच्या तोंडाला तोंड द्यावें लागतें, आणि तेंहि दोन्ही हात पुढें करून.

अशा स्वारांसाठीं विजेनें तापणारे कपडे आतां बाजारांत मिळूं लागले आहेत. बंडी, जाकीट, हातमोजे, पायमोजे, इतकेंच काय पण गाडीच्या मुठीसुद्धां तापविण्याची सोय झाली आहे. जाहिरात पाहिली, कीं पहिल्या पाळीला जाणाऱ्या तरुणाच्या मनांत येतें, एकदां पैसे खर्च करावे आणि या जाचांतून सुटावें. त्याचें तें वाटणें चुकीचें नाहीं. परंतु कोणता कपडा घ्यावा, तो आपल्या गाडीला पेलेल काय, आणि मुळांत त्याच्याआधीं दुसरें कांहीं करावयाचें राहून तर गेलें नाहीं ना, हे प्रश्न खिशांत हात घालण्यापूर्वीं विचारले पाहिजेत. त्यांचीं उत्तरें मिळण्यासाठीं थंडी माणसाच्या अंगाला करते तरी काय, हें आधीं पाहावें लागतें.

माणसाचें शरीर ही एक लहानशी भट्टीच आहे. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाच्या अंगांतून सुमारें शंभर वॅट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका झगझगीत दिव्याइतकी उष्णता सारखी निर्माण होत असते. ही भट्टी बाजरीच्या भाकरीवर चालते आणि तिला बटण नाहीं. अंगाभोंवतीं जो हवेचा पातळ थर असतो तो या उष्णतेनें ऊबदार होतो आणि स्थिर राहिला तर पांघरुणाचें काम करतो. स्वेटर, शाल, घोंगडी यांचें सारें रहस्य एवढेंच, कीं त्यांच्या धाग्याधाग्यांत स्थिर हवा कोंडलेली असते. लोकर स्वतः ऊब देत नाहीं. अंगाची ऊब ती जाऊं देत नाहीं.

आतां या स्थिर हवेवर वारा आला म्हणजे काय होतें? ऊबदार थर उडून जातो, त्याच्या जागीं थंड हवा येते, ती तापेपर्यंत तीहि उडून जाते. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९४० च्या सुमारास दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडांत याचें मोजमाप केलें. पाण्यानें भरलेली एक लहान नळी त्यांनीं वाऱ्यांत टांगली आणि निरनिराळ्या वाऱ्यांत तें पाणी गोठण्यास किती वेळ लागतो तें पाहिलें. १९४५ सालीं त्यांचें काम प्रसिद्ध झालें. पुढें २००१ मध्यें कॅनडा आणि अमेरिका या देशांनीं माणसाच्या चेहऱ्यावर प्रयोग करून हें गणित सुधारून घेतलें. त्या हिशेबानें हवा दहा अंशांवर असतांना ताशीं चाळीस किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या कातडीला ती हवा सहा अंशांची वाटते; ताशीं साठ किलोमीटरला पांच अंशांची. हवा पांच अंशांची असेल तर साठच्या वेगाला ती शून्याच्याहि दोन अंश खालीं गेल्यासारखी बोंचते. कातडी खरोखर हवेहून थंड होते असा याचा अर्थ नव्हे. तिच्यांतली उष्णता किती झपाट्यानें ओढली जाते, त्याचें हें माप आहे. आणि फटफटीवाला स्वतःचा वारा स्वतः निर्माण करीत चाललेला असतो. झाडाचें पान हलत नसलें तरी त्याच्यापुरती साठ किलोमीटरची वावटळ चालूच असते.

त्या आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते, ती सहसा कोणाच्या लक्ष्यांत येत नाहीं. साठाचे चाळीस केले तर थंडी एकच अंश कमी वाटते. तेव्हां वेग थोडा कमी केल्यानें ऊब येईल ही आशा व्यर्थ आहे. वेग कमी करावा तो अन्य कारणासाठीं.

तें कारण म्हणजे हात. गाभ्यांतली उष्णता घटूं लागली, कीं शरीर मोठ्या धूर्तपणानें वागतें. हृदय, फुप्फुसें, मेंदू यांना जपण्यासाठीं तें हातापायांच्या बोटांकडे जाणारा रक्ताचा ओघ आंखडतें घेतें. संकटकाळीं घरधन्यानें ओसरीवरचा दिवा विझवून माजघरांतला तेवढा राखावा, तसा हा प्रकार. पण फटफटीवाल्याचें सारें भवितव्य त्या ओसरीवरच्या दिव्यावर असतें. बोटांची कातडी सुमारें पंधरा अंशांच्या खालीं गेली, कीं त्यांचें कसब मंदावतें. आणखी थंड झाली कीं स्पर्शहि बोथट होतो. ब्रेक किती दाबला हें बोटांना कळेनासें होतें, क्लच धडपणें सुटत नाहीं. ताशीं साठ किलोमीटरनें जाणारी गाडी एका सेकंदांत सोळा-सतरा मीटर पुढें जाते. बोटें वळण्यास अर्धा सेकंद जरी उशीर झाला, तरी आठ मीटर गेले! आठ मीटर म्हणजे उसाच्या भरल्या ट्रॉलीपर्यंतचें उरलेलें अंतर असूं शकतें. आणि याच दिवसांत पारगांवच्या साखर कारखान्याचा हंगाम भरांत असल्यामुळें पहांटेच्या अंधारांत उसाच्या गाड्या रस्तोरस्तीं असतात.

शिवाय नदीचा काठ आहे. निरभ्र रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून देते, तिला लागून असलेली हवा गार होते, आणि गार हवा जड असल्यामुळें पाण्यासारखी उताराकडे वाहत जाऊन सखल भागांत सांचते. घोडनदीच्या पुलाकडे उतरतांना अंगावर एकदम गारठ्याची लाट आल्यासारखें वाटतें, तें कांहीं मनाचे खेळ नव्हेत. दोन्ही कांठांच्या पाणभरत्या शेतांमुळें तेथें हवेंत ओल अधिक, म्हणून धुकेंहि तेथेंच दाटतें. आणि रात्रीचें सर्वांत खालचें तपमान सूर्योदयाच्या आसपास येतें. थोडक्यांत, जेथें आणि जेव्हां दिसणें सर्वांत कठीण, तेथें आणि तेव्हांच हात सर्वांत बधिर, असा हा दुर्धर योग जुळून येतो. म्हणून थंडींतल्या कपड्यांचा विचार हा चैनीचा विचार नव्हे. तो ब्रेकचाच विचार आहे.

तर मग पहिला उपाय कोणता? वारा थांबविणें. जुन्या काळच्या मेंढपाळानें या प्रश्नाचें उत्तर आपल्या परीनें दिलेलेंच आहे. दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी विणून झाली, कीं तिला चिंचोक्यांची खळ देतात. त्यामुळें घोंगडी ताठ होते आणि विणीचीं छिद्रें बुजून वारा आणि पाऊस पुष्कळसा बाहेर राहतो. लोकर ऊब धरण्यासाठीं आणि खळ वारा अडविण्यासाठीं, अशी ही दुहेरी योजना आहे. फटफटीवर घोंगडी मात्र चालावयाची नाहीं. तिचें टोंक सुटून चाकांत किंवा साखळींत गेलें तर प्राणाशीं गांठ. मफलर, उपरणें, ओढणी आणि साडीचा पदर यांनाहि तोच नियम. मागें बसणाऱ्या बायकांच्या पदरामुळें झालेले अपघात गांवोगांवच्या लोकांनीं पाहिले आहेत. तेव्हां पदर खोंचून वरून जर्किन घालणें, आणि मफलरचीं टोंकें गळ्याशीं आंत दाबून टाकणें, हें निघण्यापूर्वींच झालें पाहिजे.

घोंगडीमागचें तत्त्व तेवढें उचलावें. आंत लोकर, वर वारा न जाणारें कापड. पुष्कळ लोक स्वेटरावर स्वेटर चढवितात आणि तरीहि कुडकुडतात, कारण वाऱ्यापुढें स्वेटर म्हणजे चाळण. त्याच स्वेटरावर जर्किन चढवून गळ्याशीं आणि मनगटाशीं घट्ट केलें, तर एका स्वेटरांत भागतें. जर्किनहि नसेल, तर दसऱ्यापासून खुंटीला टांगून ठेवलेला पावसाळी रेनकोट आहेच! पाऊस संपला कीं त्याला विसरण्याची चाल पडली आहे; वस्तुतः फटफटीवाल्याच्या हिवाळी पोषाखांत त्याच्याइतकें उपयोगी वस्त्र दुसरें नाहीं. त्याचा दोष इतकाच, कीं अंगाचा घाम त्यांतून बाहेर जात नाहीं. म्हणून मुक्कामावर पोंचतांच तो काढावा, आणि दूध चढविण्या-उतरविण्याचें अंगमेहनतीचें काम करतांना तर तो अंगावर ठेवूंच नये. घामानें भिजलेली बंडी परतीच्या वाटेवर जितकी थंडी वाजविते, तितकी थंडी हवासुद्धां वाजवीत नाहीं. अगदींच कांहीं हाताशीं नसलें, तर वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्या छातीवर शर्टाच्या आंत घालाव्या. सायकलस्वारांची ही फार जुनी युक्ति आहे आणि ती अद्याप फसलेली नाहीं.

हातांचेंहि तसेंच. विणलेल्या लोकरी हातमोज्यांतून वारा सरळ आरपार जातो. त्यांवर चामड्याचे किंवा रबरी अस्तराचे सैल मोजे चढविले पाहिजेत. सैल अशासाठीं, कीं घट्ट मोजा रक्ताचा ओघ आणखी आंवळतो. याहून सरस उपाय म्हणजे मुठींवर चढवावयाच्या पिशवीसारख्या खोळी. त्या गाडीच्या हँडललाच बांधलेल्या असतात, हात त्यांत आंत घालावयाचा. दिसतात बेंगरूळ, आणि त्यामुळें तरुण मंडळी त्यांना नाक मुरडतात. पण वारा हातापर्यंत पोंचूंच न देणारें याहून स्वस्त साधन नाहीं. खोळ अशी असावी कीं हात चटकन् बाहेर काढतां यावा आणि ब्रेकची दांडी तिच्यांत अडकूं नये. डोक्याला शिरस्त्राण हवेंच, कायदाहि तेंच सांगतो. त्याची कांच खालीं ओढलेली असावी. कानटोपी आंत घालावयाची तर पातळ घालावी. जाड टोपीवर शिरस्त्राण नीट बसत नाहीं, आणि न बसलेलें शिरस्त्राण पडण्याच्या वेळीं डोक्याआधीं निघून जातें.

वाटेंत टपरीवर थांबून तंबाखूचा बार भरण्याची किंवा बिडी ओढण्याची संवय पुष्कळांना आहे. तिनें तरतरी येते असें म्हणतात. येत असेल, परंतु तंबाखूंतील द्रव्यानें रक्तवाहिन्या आंखडतात आणि बोटें अधिकच गार पडतात. दारूचा प्रकार उलट. तिनें कातडींतल्या रक्तवाहिन्या सुटतात, क्षणभर ऊब वाटते आणि गाभ्यांतली उष्णता बाहेर वाहून जाते. शिवाय दारू पिऊन गाडी चालविणारा मनुष्य थंडीनें नव्हे तर दुसऱ्याच कारणानें मरतो. चहा मात्र खुशाल घ्यावा, तोहि पेला दोन्ही हातांत धरून. शेकोटीशीं बधिर हात शेकतांना जपावें. बधिर कातडीला चटका कळत नाहीं.

इतकें सगळें करूनहि थंडी पुरून उरत असेल, तर विजेच्या उबेकडे वळण्यास हरकत नाहीं. ही कल्पना नवी नाहीं. पहिल्या महायुद्धांत उघड्या विमानांत बसून उंच उडणाऱ्या वैमानिकांसाठीं तारा घातलेले कपडे तयार झाले. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन बाँबफेकी विमानांतल्या सैनिकांना असे पोषाख मोठ्या प्रमाणावर देण्यांत आले. त्यांतल्या आरंभींच्या एका जातींत तारा एकीपुढें एक अशा जोडलेल्या होत्या. त्यामुळें एका मोज्यांतली तार तुटली कीं सारा पोषाख थंड पडे. मागाहून प्रत्येक भागाला स्वतंत्र जोडणी देण्यांत आली. फटफटीवाल्यांसाठीं असले कपडे करण्याचा उद्योग अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत गॉर्डन गर्बिंग यानें १९७० नंतरच्या दशकांत आरंभिला. आज तारेऐवजीं कोळशाच्या बारीक धाग्यांच्या पट्ट्याहि वापरतात, त्या अधिक लवचिक असतात. तत्त्व मात्र एकच, घरांतल्या इस्त्रीचें.

निवडीचें सारें गणित वॅट या एका शब्दांत सांठवलेलें आहे. व्होल्टला अँपिअरनें गुणलें कीं वॅट येतात. फटफटीची वीज बारा व्होल्टची. तेव्हां पांच अँपिअर ओढणारें जाकीट साठ वॅटचें झालें. माणसाची भट्टी शंभर वॅटची, हें लक्ष्यांत घेतलें तर साठ वॅट म्हणजे निम्म्याहून अधिक भर; ही ऊब खरोखर मोठी आहे. पण ती यावयाची कोठून? पुष्कळशा शंभर सी. सी. च्या गाड्यांचा पुढचा दिवा पसतीस वॅटचा असतो. म्हणजे असें जाकीट जोडणें हें गाडीला आणखी जवळजवळ दोन दिवे लावण्यासारखें आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतोंवर आपोआप जळत राहतो; तो विझवून वीज वांचवूं म्हटलें तर तीहि सोय नाहीं, आणि पहांटेच्या धुक्यांत तो विझवावा असें शहाणा मनुष्य म्हणणारहि नाहीं. मेस्त्री जिला मॅग्नेट-कॉइल म्हणतात, ती वीज तयार करणारी कॉइल लहान गाडींत बेतास बात असते. तिला पेललें नाहीं कीं तूट बॅटरींतून भरून निघते. बारा व्होल्टची तीन अँपिअर-तासांची बॅटरी घेतली, तर तिच्यांत एकंदर छत्तीस वॅट-तास वीज झाली. साठ वॅटचें जाकीट नुसत्या तिच्यावर चालविलें, तर पुस्तकी हिशेबानेंहि ती छत्तीस मिनिटांत रिकामी होईल. १ एप्रिल २०२० पासूनच्या नव्या नियमांच्या बहुतेक गाड्यांना पेट्रोल पुरविण्याचें कामहि वीजच करते. बॅटरी बसली कीं जाकीट तर थंड झालेंच, पण गाडीहि रस्त्यावर उभी राहिली.

म्हणून दूध घालणाऱ्या किंवा पाळीला जाणाऱ्या लहान गाडीच्या मालकानें गाडीवर चालणाऱ्या मोठ्या जाकिटाच्या नादीं लागूं नये. त्याच्यासाठीं निराळा मार्ग आहे. मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालणाऱ्या पांच व्होल्टच्या बंड्या मिळतात. पांच व्होल्टला दोन अँपिअर म्हणजे दहा वॅट; शरीराच्या भट्टीचा दहावा हिस्सा. दहा हजार मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेंत सुमारें सदतीस वॅट-तास असतात. वाटेंतली गळती वजा जातां अशी बंडी तीन तासांच्या आसपास चालते. जाण्याच्या एका तासाला आणि येण्याच्या एका तासाला तेवढें पुष्कळ झालें, आणि गाडीच्या विजेला धक्काहि लागला नाहीं. दहा वॅट ऐकावयास क्षुल्लक वाटतात. परंतु वरून वारा पूर्णपणें अडविलेला असेल तर ते आंतल्या आंत फिरत राहतात. आणि छाती-पाठ ऊबदार राहिली कीं शरीराची ती जुनी धास्ती कमी होऊन बोटांकडचा रक्ताचा ओघहि मोकळा राहतो. हात गार पडले म्हणून फक्त हातमोजेच घ्यावे असें नव्हे, तें यामुळें. उलटपक्षीं वरचें जर्किन सैल आणि उघडें असेल, तर साठ वॅटसुद्धां घोडनदीची हवा तापविण्यांत खर्ची पडतील.

ज्याची गाडी मोठी आहे, त्यानें कॉइल एकंदर किती वॅट देते आणि गाडीला स्वतःला किती लागतात हें मेस्त्रीकडून समजून घेऊन उरलेल्या वॅटांत बसेल तेवढेंच घ्यावें. जोडणी थेट बॅटरीवरून, पण मध्यें योग्य मापाचा फ्यूज घालून करावी. किल्ली बंद केली कीं ही वाटहि बंद होईल अशी योजना असावी. इंजिन चालू झाल्यावर बटण दाबावें, आधीं नव्हे. गाडींतून कपड्यांत येणाऱ्या दोरीचा खटका ओढतांच सुटणारा असावा, कारण गाडी पडली तर माणूस तिला बांधलेला राहतां कामा नये. तापणाऱ्या मुठी चांगल्या, पण त्या तळहात तापवितात आणि वारा लागतो तो हाताच्या पाठीला. वर खोळ नसेल तर हें अर्धेंच काम झालें. आणि ज्या वस्तूला उष्णता कमी-जास्त करण्याचें बटण नाहीं, ती कितीहि स्वस्त असली तरी घेऊं नये.

वापरण्याची रीत घेण्याइतकीच महत्त्वाची आहे. तापणारी बंडी उघड्या अंगावर घालूं नये. आंत एक पातळ सुती किंवा लोकरी कपडा, मग ही बंडी, आणि वर वारा अडविणारें जर्किन, असा क्रम. ती अंगासरशी बसली पाहिजे. थंडीनें दांत वाजूं लागल्यावर तिला चालू करणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें. प्रवासाच्या आरंभींच ती मंद ठेवावी आणि मंदच राहूं द्यावी. ‘गरम वाटतें’ इतकी ती कधींच नसावी, ‘थंड वाटत नाहीं’ इतकी पुरे. यांत एक धोका दडलेला आहे. मोरिट्झ आणि हेन्रिकेस या संशोधकांनीं १९४७ सालीं दाखवून दिलें, कीं कातडीचें तपमान चव्वेचाळीस अंशांवर सुमारें सहा तास राहिलें तर ती भाजते. चव्वेचाळीस अंशांचें पाणी हाताला सुखावह लागतें! म्हणजे चटका न बसतांहि भाजणें घडूं शकतें, आणि जितकी ऊब अधिक तितका त्याला लागणारा वेळ कमी. ज्यांना मधुमेहामुळें हातापायांना मुंग्या येतात किंवा स्पर्श कमी कळतो, त्यांनीं तापणारे हातमोजे आणि पायमोजे वैद्याला विचारल्यावांचून वापरूं नयेत. त्यांना जाड लोकर आणि वाऱ्याची अडवणूक हीच बरीं.

मोठ्या वॅटचे हे पोषाख कोठें खरे शोभतात, तेंहि सांगितलें पाहिजे. पुण्या-मुंबईकडचे अनेक तरुण उन्हाळ्यांत फटफट्यांवरून लडाखला जातात. तेथें पांच हजार मीटरांहून उंच घाट ओलांडावे लागतात. जूनमध्यें सुद्धां वाटेंत बर्फ लागतें, वितळलेल्या बर्फाच्या ओढ्यांतून जातांना बूट भिजतात, आणि तासन् तास वस्ती लागत नाहीं. तेथें वारा अडवूनहि भागत नाहीं, कारण आंतली भट्टीच विरळ हवेंत आणि थकव्यानें मंदावते. तेथें मोठी गाडी, तिच्यावर चालणारें जाकीट आणि हातमोजे हें सारें योग्य आहे. मात्र तेथेंहि कोरड्या लोकरी मोज्यांचा आणि हातमोज्यांचा एक जादा जोड पिशवींत असलाच पाहिजे, कारण तार तुटते, बॅटरी बसते. लोकर बसत नाहीं.

लहान मुलांविषयींचा मजकूर वेगळा. शाळेला उशीर होतो म्हणून किंवा लाडानें मुलाला पुढें टाकीवर बसविण्याची रीत खेड्यापाड्यांतून सर्रास आहे. बापाच्या छातीवरचा सारा वारा तें पोर आपल्या अंगावर घेतें. मुलाचें अंग लहान, त्या मानानें कातडी जास्त, म्हणून त्याची उष्णता मोठ्या माणसाच्या आधीं निघून जाते. आणि तें बोलत नाहीं, नुसतें गप्प होत जातें. हें गप्प होणें म्हणजे झोंप नव्हे. २०२२ मध्यें केंद्र सरकारनें केलेल्या नियमानें नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालकाशीं पट्ट्यानें बांधणें, शिरस्त्राण घालणें आणि वेग ताशीं चाळीसच्या आंत ठेवणें आवश्यक ठरविलें आहे. थंडींत त्याला कोवळें ऊन पडल्यावरच न्यावें हें उत्तम. तापणारी बंडी मुलाच्या अंगावर घालूं नये. ती किती तापली आहे हें त्याला सांगतां येत नाहीं.

संक्रांत मागें पडून होळी जवळ आली, कीं हे कपडे पेटींत जातात आणि बहुतेक नासतात ते तेथेंच. घडी घातलेल्या जागीं तार वारंवार मुडपून तुटते, आणि तुटलेल्या टोंकाशीं पुढच्या हिवाळ्यांत एकच जागा निखाऱ्यासारखी तापते. तेव्हां बंडी घडी न घालतां खुंटीला टांगून ठेवावी. धुतांना पॉवर बँक काढून घ्यावी, साध्या कोमट पाण्यांत हातानें हलके धुवावी, पिळूं नये, सावलींत पसरून वाळवावी. पॉवर बँक निम्मी भरलेली ठेवावी. पुढच्या वर्षीं अंगावर घालण्यापूर्वीं बंडी मंद चालू करून तिच्यावरून तळहात फिरवावा. एकाद्या ठिकाणीं चटका लागला, किंवा एकादा पट्टा गारच राहिला, तर ती दुरुस्तीला द्यावी अथवा सरळ बाजूला ठेवावी, आणि त्या दिवशीं रेनकोट अंगावर चढवून निघावें.